आंघोळीचे डॉक्टर

माझ्या पहिल्यावहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता, "तुम्हाला शेवटची आंघोळ दुसऱ्या कुणी कधी घातली?"

मी पारनेरची. आमच्याकडे पाणी कमी आणि तोंड जास्त, असं माझी आत्याच म्हणते. बी.एस्सी. होऊन, नगरला मेडिकल कोडिंगचा कोर्स करून, नवा ड्रेस शिवून मी राहुरीच्या बाजूच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात आले होते, ते असले प्रश्न ऐकायला नव्हे. पर्स उचलून उठणारच होते. तेवढ्यात कोपऱ्यात फायली लावत बसलेल्या वयस्कर क्लार्कबाई मान वर न करता म्हणाल्या, "सांगून टाक गं, सगळ्यांनाच विचारतात."

"दिवाळीत. आईने," मी म्हटलं.

"वा! पाणी कुणी काढलं?"

"आईनेच."

"पाठ?"

"आईने."

"साबण डोळ्यात गेला तेव्हा कुणाचा राग आला?"

"आईचा."

हे उत्तर मुलाखत घेणाऱ्या सरांना फारच आवडलेलं दिसलं. "सोमवारपासून या," म्हणाले. माझ्या पदवीच्या कागदाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तो नंतर क्लार्कबाईंनी पाहिला.

आमच्या रेकॉर्ड रूमचं काम तसं सांगायला सोपं आहे. पेशंट घरी गेला की त्याची फाईल आमच्याकडे येते. डॉक्टरांनी, नर्सनी जे लिहिलं असेल ते वाचून आम्ही प्रत्येक आजाराला ठरलेला नंबर लावतो. मधुमेहाचा वेगळा, हाड मोडल्याचा वेगळा. जगभर तेच नंबर चालतात. बहुतेक कोडर मंडळींना हार्ट अटॅक, कॅन्सर अशा भारदस्त आजारांची ओढ असते. आमच्या सरांचा जीव मात्र एकाच नंबरावर : झेड चौऱ्याहत्तर पॉइंट एक. म्हणजे, या माणसाला स्वतःचं आवरायला दुसऱ्याची मदत लागते. आंघोळ, कपडे, जेवण, संडास. हा आजार नव्हे, नुसती अडचण. आजाराच्या नंबरांमागे हा बिचारा शेवटच्या ओळीत उभा असतो, आणि बऱ्याचदा तिथंही नसतो. सर त्याला शोधत फिरायचे. म्हणून हॉस्पिटलात त्यांना मागून सगळे 'आंघोळीचे डॉक्टर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा फोनवर त्यांनी स्वतःची ओळखही तशीच करून दिली.

डॉक्टर तर ते होतेच. होमिओपॅथीचे. बेलापूरला त्यांचा दवाखाना होता, आणि तो का बंद पडला हे ते स्वतःच हसत हसत सांगत. होमिओपॅथीत पेशंटला बारीकसारीक विचारावं लागतं. तहान किती लागते, कुठल्या कुशीवर झोपता, स्वप्नं कसली पडतात. सर विचारण्यात इतके रंगत, की सासूचं भांडण, म्हशीचं आटणं, भावाची वाटणी सगळं निघे आणि औषध द्यायचं राहून जाई. "लोक बरे होऊन जायचे हो," ते म्हणायचे. "पण गोळ्या न घेता. मग पुन्हा कोण येणार?" ईदला ते डबाभर शीरखुर्मा आणायचे. क्लार्कबाईंची एकादशी असली तर त्यांच्यासाठी वेगळे खजूर यायचे. ती तिथी सर पंचांग बघून लक्षात ठेवत, स्वतः बाई विसरल्या तरी.

त्यांच्या तऱ्हा काय एक सांगायच्या! रेकॉर्ड रूमच्या खुंटीला लेंग्याची एक नाडी लटकवलेली असे. नवा माणूस आला की सर त्याचा उजवा हात पाठीमागे धरायला लावायचे आणि म्हणायचे, "बांधा." जमत नसे. मग म्हणत, "आता समजा, घाईची लागलीये आणि तुम्हाला हीच गाठ सोडायचीये." ट्रस्टच्या तपासणीला पुण्याहून एक जाडजूड साहेब आले होते, त्यांच्यापुढेही सरांनी ती नाडी धरली. आम्ही डोळे मिटून घेतले. पण साहेब खमके निघाले. एक टोक दातात धरून त्यांनी बरोब्बर गाठ मारली. सरांनी हात जोडले आणि गंभीरपणे म्हणाले, "अभिनंदन. तुम्हाला आमचा नंबर लागत नाही."

गुरुवारी दुपारचं जेवण एका हाताने, हा दुसरा नेम. भाकरी एका हाताने मोडून बघा एकदा. निम्मी डब्यात राहते, निम्मी मांडीवर येते. मी पहिल्या गुरुवारी कोपराने भाकरी दाबून धरली आणि पिठल्यात बाही बुडवली. मला असा राग आला! घरी जाऊन आईला म्हटलं, माणूस येडा आहे, नोकरी सोडते. आईने माझी बाही साबणात घातली आणि म्हणाली, "तुझी पणजी चार वर्षं अशी जेवली. मी भरवायचे तिला. कुणी कधी विचारलं न्हाई." दुसऱ्या दिवशी मी निमूट कामावर गेले.

एकदा प्रसूतीच्या वॉर्डात सर पेढ्यांचा पुडा घेऊन पोचले. झालं होतं असं, की कॉम्प्युटरवरच्या ठरीव नमुन्यात 'आंघोळ, कपडे, जेवण : स्वतः' अशी खूण आधीच केलेली असे. ती बदलायला कुणाला सवड नसे. त्यामुळे दोन दिवसांच्या एका बाळाच्या कागदावर ते सगळं स्वतः करत असल्याचं लिहून आलं. सरांनी बाळाच्या आजीला पेढा दिला आणि म्हणाले, "आजी, असा नातू नशीबवानाला मिळतो." सिस्टर हसून हसून बेजार झाल्या. महिन्याभरात ती आधीची खूण नमुन्यातून गेली. रागावून मात्र ते कधी बोलले नाहीत.

आमच्या धंद्यात एक वाक्य पहिल्या दिवशी शिकवतात : जे लिहिलं नाही ते झालं नाही. सरांना ते पटत नसे. "लिहिलं नाही ते झालं नाही, असं नव्हे," ते म्हणायचे. "लिहिलं नाही ते फक्त घरातल्या बाईला माहीत असतं."

आणि तरीही नियमाला ते पक्के होते. डॉक्टरांच्या कागदावर नसेल तर स्वतःच्या मनाने नंबर लावायचा नाही. डॉक्टरांना शंका विचारायची, पण उत्तर सुचवायचं नाही. त्यांच्या तोंडात शब्द घालणं म्हणजे सरांच्या लेखी चोरी. या दोन्हींच्या मधून माणूस कसा वाट काढतो ते मी एका शनिवारी बघितलं, आणि तेव्हापासून त्यांना येडा म्हणायचं मी सोडून दिलं.

त्या सकाळी रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी एक बाई आली. तिशीची असेल. पदर डोक्यावरून घेतलेला, हातात रिकामी चहाची किटली.

"ताई, हास्पिटलातून सकाळच्याला घरी मानूस पाठवत्यात म्हनं, म्हाताऱ्या मानसांचं आवरायला. त्ये कुनाला इचारायचं?"

ट्रस्टची तशी सोय होती. जवळपासच्या गावांत सेवक जात, आंघोळ घालत, कपडे चढवत, नाश्ता भरवत. पैसे पडत नसत. मात्र डॉक्टरांनी गरज लिहिलेली हवी आणि सरांचा तो लाडका नंबर लागलेला हवा. मी नाव विचारून कागद उघडला. तिचे सासरे वॉर्डात होते. मागे कधीतरी अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेलेली, आणि आता मोरीत पडून डोक्याला टाके. दुपारी घरी सोडणार होते. आणि खाली लिहिलं होतं : आंघोळ, कपडे, जेवण स्वतः.

"यात तर लिहिलंय ते सगळं स्वतः करतात," मी म्हटलं. "कुणी सांगितलं असं?"

"मीच."

"अहो, पण का?"

"डाक्टरांनी मामांच्या म्होरंच इचारलं. त्यांच्या म्होरं कसं म्हनू, मी न्हाऊ घालते म्हनून?"

मग किटली खिडकीच्या कडप्प्यावर ठेवून तिने हळूहळू सांगितलं. नवरा टेम्पोवर, आठवड्यातले बरेच दिवस बाहेर. सासू नाही. तिची अंगणवाडीत मदतनीस म्हणून निवड झाली होती. सोमवारी हजर व्हायचं, नाही तर ती जागा दुसऱ्या बाईला. लग्नाआधी बारावी झालेली, तेव्हापासून अशा कामाची वाट बघत होती. पण सकाळी सासऱ्यांना सोडून जायचं कसं?

"आंघोळीला त्ये डोळं मिटून बसत्यात," ती म्हणाली. "मी पदर पार नाकाखाली वढून घेते. तांब्या कुठं वततीय त्ये बी नीट दिसत न्हाई. दोघं बी बोलत न्हाई. त्या दिशी त्ये उठाया गेले, मी हात दिला, पर मलाबी दिसंना अन् त्यांनाबी दिसंना."

ती एवढं सांगून चपापली. "तुमी डाक्टरांना सांगू नका हां. मामांना कळलं तर मी घरात तोंड कसं दाखवू? जाऊ द्या, बघते कायतरी." आणि किटली उचलून निघाली.

सर माझ्या मागे बशीतून चहा पीत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, "सर, मी डॉक्टरांना गुपचूप सांगून येते. अर्ध्या तासाचं काम."

"आणि सोमवारी सेवक जाईल, तर म्हातारा त्याला दारातूनच परत लावेल," सर म्हणाले. "त्यांनी स्वतः सांगायला पाहिजे. काय करायचे ते पूर्वी?"

मी कागद बघितला. मोटारी भरायचे. विहिरीच्या, बोअरच्या मोटारी जळल्या की त्यांच्या तारा पुन्हा गुंडाळून देणारे मिस्त्री. आसपासच्या गावांत मोठं नाव.

सरांनी बशी ठेवली आणि तोंड पुसलं.

मी त्यांच्यामागून गेले. सूनबाई वॉर्डाच्या दाराबाहेर बाकावर बसली होती, मीही तिच्याशेजारी टेकले. दार अर्धं उघडं होतं. सर खाटेशेजारी स्टुलावर बसले. आंघोळीचं नावही काढलं नाही.

"मिस्त्री, बेलापूरला आमच्या बोअरची मोटार जळाली."

पट्टी बांधलेलं डोकं जरा वळलं. "कशी जळाली?"

"काही नाही, सहज बंद पडली."

मिस्त्री असे हसले, की शेजारच्या खाटेवरचा पेशंट बघायला लागला. "सहज कुठं मोटार जळती व्हय, डाक्टर? पानी आटलं तरी चालू ठिवली आसन. न्हाईतर तीनाऐवजी दोनच फेजवर चालवली आसन. उभ्या जल्मात एक गडी मला खरं बोलला न्हाई. जो येतो त्यो म्हनतो, सहज बंद पडली."

"का बरं?"

"लाज वाटती. आपल्या हातानं जाळली म्हनाया लाज वाटती. मी म्हनायचो, बाबा, कशानं जळाली त्ये सांग, मी काय कुनाला सांगत न्हाई. न्हाईतर आज भरून दिली, तरी चार दिसांत पुन्हा घिऊन येशील."

"खरंय," सर म्हणाले. मग पट्टीकडे बघत त्यांनी विचारलं, "डोक्याला कसं लागलं?"

"पाय घसरला."

"सहज?"

मिस्त्रींनी दाराकडे बघितलं.

"सूनबाई भाईर हाय का?" मिस्त्रींनी हळू विचारलं.

"आहे."

"मग हळू बोलतो," म्हणाले, पण त्यांचं हळूही बाहेर बाकापर्यंत ऐकू येत होतं. "लेकीवानी हाय ती मला, डाक्टर. तिनं मला तसं उघडं बघावं? तिच्या बापानं यासाठी दिली व्हय ती? म्हनून डोळं मिटून घेतो. आन् सोमवारी तिला अंगनवाडीत जायाचं हाय. मला बोलली न्हाई ती. फोनवर भैनीला सांगत हुती, मला ऐकू आलं. म्हनून मी बी डाक्टरला म्हनलं, माजं समदं मी करतो. म्हंजी ती बिनघोर जाईल."

शेजारी सूनबाई पदरात तोंड घालून रडत होती. मलाही रडू आलं, सांगायला लाज कसली. सासऱ्याची अब्रू राहावी म्हणून सून खोटं बोलली, सुनेची नोकरी राहावी म्हणून सासरा खोटं बोलला, आणि दोघांनी मिळून नेमकी तिचीच वाट अडवून ठेवली होती.

"मिस्त्री," सर म्हणाले, "तुमची मोटार पुन्हा जळणार बघा."

मग सरांनी त्यांना सेवकाबद्दल सांगितलं. गडीमाणूस येईल, अशा हातापायांची त्याला सवय आहे, डोळे उघडे ठेवून आंघोळ करा.

"गावात काय म्हनतील?"

"म्हणतील, मिस्त्रीने गडी ठेवला."

हे मिस्त्रींना मानवलं. ते पुन्हा थोडं हसले.

पण कागदावर अजून काहीच नव्हतं. सर खाली आले आणि डॉक्टरांना शंकेची चिठ्ठी लिहिली : 'पेशंट पडले तेव्हा मोरीत काय चाललं होतं, ते कृपया त्यांना पुन्हा विचारावे.' बस. एक शब्द जास्त नाही. डॉक्टर तरुण होते, सकाळपासून पायाला भिंगरी लागलेली. "सर, विचारलंय ना मी," म्हणाले. तरी गेले. आणि खाटेशेजारचं स्टूल ओढून त्यांनी पेन काढलं, ते बराच वेळ लिहीत होते. मोरीत धरायला दांडी बसवावी, हेही त्यांनी आपल्या मनाने लिहिलं. दुपारी तो नंबर मी टाइप केला. माझं बोट दोनदा चुकलं.

एवढ्यावर सगळं सुरळीत झालं असतं तर मी सरांबद्दल लिहायला बसलेच नसते. ट्रस्टच्या ऑफिसातून निरोप आला, तिकडचा सेवक आठवडाभर रजेवर आहे, आल्यावर बघू. आता सोमवारचं काय? मी सरांना विचारलं तर म्हणाले, "होईल काहीतरी." मी रविवारभर मनात त्यांना नावं ठेवली.

सोमवारी सर वेळेवर आले नाहीत. असं कधी झालं नव्हतं. खूप उशिरा स्कूटर लावून आत आले तेव्हा पॅंट गुडघ्यापर्यंत ओली, बाह्या दुमडलेल्या, खांद्यावर टॉवेल तसाच राहिलेला. क्लार्कबाई बघतच राहिल्या. "पाणी फार कढत तापवतात त्यांच्याकडे," सर कुरकुरले आणि खुर्चीत बसून हात चोळायला लागले. सेवक रुजू होईपर्यंत आठवडाभर ते रोज सकाळी मिस्त्रींच्या गावाला जाऊन यायचे. त्या गुरुवारी एका हाताने जेवायला कुणी कुरकुर केली नाही.

सर आता निवृत्त होऊन बेलापूरला असतात. फोन केला की प्रश्न विचारायला लागतात आणि तासाभराने मी कशासाठी फोन केला होता तेच मला आठवत नाही. पण त्यांचं काम नेमकं काय होतं असं कुणी विचारलं, तर मी मिस्त्री पुन्हा तपासून घ्यायला आले होते तो दिवस सांगते.

सर त्या दिवशी नगरला गेले होते. मी फायली द्यायला ओपीडीत गेले. दाटी होती. डॉक्टरांपुढच्या बाकावर स्वच्छ धोतरातले एक म्हातारबाबा बसले होते आणि त्यांचा मुलगा डॉक्टरांना सांगत होता, "तात्या आमचे एकदम खडखडीत. सगळं स्वतः करतात." तात्या भिंतीकडे बघत होते. पलीकडच्या खुर्चीत मिस्त्री, इस्त्रीचा शर्ट घातलेले, मागे सेवक उभा.

"काय मिस्त्री, टाके कसे आहेत? आंघोळ?" डॉक्टरांनी मधेच वळून विचारलं.

मिस्त्रींचा आवाज मोटारींच्या घरघरीवर बोलून बोलून चढलेला. सगळ्या ओपीडीला ऐकू जाईल असं ते म्हणाले, "आंगूळ मला ह्यो घालतो. पाठ बी चोळतो. आपलं आपल्याला होत न्हाई आता, मग सांगाया काय लाजायचं? सूनबाई अंगनवाडीत गेली हाय. लई पोरं हायेत तिच्याकडं."

तात्यांनी भिंतीवरची नजर काढून आधी मिस्त्रींकडे बघितलं, मग आपल्या मुलाकडे. मुलगा खाली बघत होता. तात्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"डाक्टर," ते म्हणाले, "माजं पोरगं भिडेखातर बोललं. रोज त्योच घालतो मला. माजं बी लिवून घ्या."

डॉक्टरांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.